आज विरजण कुणाच्या हाती?

१

नवलाई दूध संघात त्या दिवशी दोन गोष्टी गायब झाल्या. एक थंड खोलीतून, एक कॉम्प्युटरच्या पडद्यावरून.

थंड खोलीतून गेली ती विरजणाची बरणी. चिनी मातीची, जुनी, तोंडाला पांढरं फडकं बांधलेली. संघाच्या दह्याची जी गोडसर चव घ्यायला कागलपासून माणसं वाट वाकडी करून यायची, ती चव त्या बरणीतल्या विरजणाची. बायडाबाई नावाच्या जुन्या कामगारणीनं ते आपल्या घरून आणलं होतं. ती वारल्यावर चिमणाबाईनं सांभाळलं. रोज थोडं काढायचं आणि रोज थोडं ताजं दूध घालायचं. खाडा झाला की विरजण कामातून गेलंच म्हणून समजा.

पडद्यावरून गेली ती त्याच विरजणाची सगळी माहिती. आणि मुहूर्त बघा कसा, नेमकी तीच माहिती तपासायला नंदिनी सरनोबत त्या दिवशी येणार होत्या.

नंदिनीताई कॉलेजात ग्रंथपाल होत्या. निवृत्तीनंतर संस्थासंस्थांतून फिरून तिथं रचून ठेवलेलं ज्ञान वेळेला उपयोगी पडतं का, हे बघायचं काम त्या करत. लोक त्यांना झोपाळू म्हणत आणि ते काही खोटं नव्हतं. भर बैठकीत त्यांना डुलकी लागायची. पण जागं झाल्यावर त्या जे बोलत, ते ऐकून बाकीच्यांची झोप उडायची.

कळंब्याच्या तळ्यावरून धुकं उठून रस्त्यावर आलं होतं. रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हा नंदिनीताईंना आपण जागे आहोत की रिक्षातच झोपलोय हे क्षणभर कळेना. धुक्यातून एक मफलर पुढं आला. मफलरात पहारेकरी अप्पा होते.

"या ताई, या. आत बसा. साहेब लई तापल्यात आज."

अप्पांनी काळा चहा पुढं केला. "कोराच हाय. मला दूध मानवत न्हाय, म्हणून केबिनीत दूध ठेवतच न्हाय मी."

केबिनच्या भिंतीवर खिळ्यांना सगळ्या खोल्यांच्या चाव्या टांगल्या होत्या. चहाचा पहिला घोट घेतला तोवर कँटीनची बाई पेलाभर दूध घेऊन आली. अप्पांनी घाईघाईनं तो पेला घेतला आणि पडद्यामागं नेऊन ठेवला. नंदिनीताईंनी ते अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बघितलं आणि चहा संपवला.

२

मॅनेजर धैर्यशील घोरपडे खरोखरच तापले होते.

"ताई, तपासणी गेली उडत. चोरी झालीया हितं! आनी चोर कोण ते बी मला ठावं हाय."

त्यांनी बोट दाखवलं ती अवंतिका. संघातली सगळी माहिती कॉम्प्युटरवर मांडणारा नकाशा तिनं बनवलेला. पोरगी तिशीच्या आतली, रडून डोळे सुजलेले, तरी स्वागताचं तबक हातात धरून उभी होती. कुणी घरी आलं की हळदीकुंकू आणि पेढा झालाच पाहिजे, मग घरात आग का लागेना.

"थंड खोलीची चावी कुणाला मिळते? हिला. नकाशातलं पुसायचा पासवर्ड कुणाकडं? हिच्याकडं. काल सांजच्याला बरणीचं फोटो काढत कोण हुतं? हीच! आनी कागलच्या एका खाजगी डेअरीनं हिला नोकरीला बोलावलंय. आता जोडा की तुम्हीच." धैर्यशीलांनी घड्याळाकडं बघितलं. "सांजचं दूध यायच्या आत बरणी जागेवर आली तर बरं. न्हाईतर मी पोलिसांत जाणार."

अवंतिकाच्या हातातलं तबक कललं आणि थोडं कुंकू सांडलं. नंदिनीताईंना तिची दया आली. कागलला ती गेलीच नव्हती. इथं राहायचं म्हणून तिनं नकार कळवला होता, पण ते आता ऐकणार कोण?

तबक दही-विभागातल्या बायकांपुढं गेलं. सगळ्यांनी एकमेकींना कुंकू लावलं. चिमणाबाई तेवढ्या दही-खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, भिंतीला पाठ लावून.

"माझं हात वलं हाईत, बाई."

"मग मी लावते की," अवंतिका म्हणाली.

"ऱ्हाऊ दे." त्या मागं सरल्या. पेढाही नको म्हणाल्या, दात दुखतोय म्हणून.

त्यांचे हात कोरडे ठणठणीत होते. नंदिनीताईंनी पेढा तोंडात टाकला आणि अवंतिकाला म्हणाल्या, "चल, तुझा नकाशा दाखव."

३

पडद्यावर काळोख होता आणि त्यात ठिपके लुकलुकत होते. ठिपक्याठिपक्यांतून बारीक धागे गेले होते. वाऱ्यावर असावेत तसे ते मंद हलत होते. नंदिनीताईंना बघताबघताच पेंग येऊ लागली.

"शास्त्रात ह्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात," अवंतिका नाक ओढत म्हणाली. "इथल्या बायकांना मी वेगळं सांगितलं. म्हटलं, आपल्याकडं नवा पाहुणा आला की आपण काय विचारतो? तुम्ही कुठले, कुणापैकी, आमच्या अमक्याचे कोण लागता? तीन प्रश्नांत सोयरीक निघते. तसंच हे. दही कुणापैकी? दुधापैकी. दह्याला काय लागतं? विरजण. विरजणाला काय लागतं? ऊब. आणि हे सगळं कुणाला ठाऊक? त्याला आम्ही जतनदार म्हणतो. संघात कोण काय जाणतं, ते असं नात्यानं बांधलंय. एवढं सांगितलं की न सांगितलेली नाती नकाशा स्वतः काढतो."

"स्वतः काढतो?"

"व्हय. म्हणजे, हो. नियम घातलेत ना. बायडाबाई वारल्यावरसुद्धा नकाशा 'बायडाबाईंना विचारा' असंच सांगत राहिला होता. ते ऐकून चिमणामावशी ढसाढसा रडल्या. मला इतकं वाईट वाटलं! मग मी नियमच केला, की जे ज्ञान कुणाच्या हाती नाही, ते चालू दाखवायचं नाही. पुसायचं नाही, पण घडी घालून आत ठेवायचं. आणि रोज सकाळी दही-खोलीच्या दारातला टॅब विचारतो, 'आज विरजण कुणाच्या हाती?' माझ्याच आवाजात. मावशी रोज म्हणतात, 'माझ्याच की गं, आनी कुणाच्या?' सगळ्या हसतात."

"आणि आज काय काय गेलंय?"

"विरजण गेलं. बरणी, उबेचं माप, ताज्या दुधाची वेळ, सगळं गेलं." तिनं आठवून सांगितलं. "आणि बासुंदी खाली लागली तर काय करायचं, तेसुद्धा."

नंदिनीताईंचे डोळे उघडले. "बासुंदीला विरजण कशाला?"

"नाहीच लागत."

"मग चोरानं बासुंदी कशाला नेली?"

 कॉम्प्युटर सांभाळणारा सौमित्र शेजारच्या टेबलावर बसला होता. त्यानं खुर्ची फिरवली. "मला विचाराल तर मॅडम, मी सकाळपासून तेच तपासतोय. कुणीच काही पुसलेलं नाही. पुसल्याची खूण असते, ती कुठंच नाही."

"तुझ्यावर कुणी संशय घेतला नाही?"

"घेतला की! मी पुण्याला जायच्या विचारात आहे हे साहेबांना कळलंय. पण थंड खोलीची चावी मी आयुष्यात बघितली नाही. आणि खरं सांगू? साहेबच ते विरजण बंद करायला बसलेत. बाहेरून तयार पाकिटं आणायची म्हणतात. त्यांना बरणी हवीच कुठं होती?"

मग धैर्यशीलांनाही विचारणं आलं. ते बघा कसे फाडकन बोलले.

"पाकिटं आणायची म्हंतोय, खरं हाय! एका बाईच्या हातावर सगळा संघ चालतोय हे मला पटत न्हाय. उद्या ती आजारी पडली तर? पण म्हणून मी चोरी करीन व्हय? नकाशाचं काय म्हणाल तर मला त्यो उघडता बी येत न्हाय."

ते खरं दिसत होतं. सौमित्रकडं पासवर्ड होता पण चावी नव्हती. धैर्यशीलांकडं चावी होती पण पासवर्ड नव्हता. दोन्ही असलेली एकटी अवंतिका. नंदिनीताईंना ती पोरगी आवडली होती, आणि सगळा हिशोब तिच्याच अंगावर येऊन पडत होता.

४

दुपारी धुकं गेलं आणि ऊन आलं. आवारात उकळत्या दुधाचा गोड वास भरून राहिला. कुठल्याशा गुऱ्हाळाचा धूरही वाऱ्यावर येत होता. असल्या वासात जागं राहायचं म्हणजे कठीणच. पडद्यासमोरच्या खुर्चीत नंदिनीताईंचा डोळा लागला.

त्यांना एक लग्नाचा मांडव दिसला. सगळ्या बायका ओळीनं बसलेल्या, आणि प्रत्येकीनं शेजारणीचा पदर धरलेला. मावशी, आत्या, जाऊ, वन्स अशी लांबच लांब रांग होती. मधूनच एक बाई गुपचूप उठली. ती उठली तशी तिच्या पदराला धरलेली माणसंही उठली, त्यांच्यामागं त्यांची माणसं उठली, आणि मांडवाचा एक कोपरा रिकामा झाला. वरमाई ओरडू लागली, "माझं माहेर कुणी पळवलं?" आणि ती उठलेली बाई मांडवाच्या दारात उभी होती. आत येत नव्हती आणि घरी जातही नव्हती.

नंदिनीताई दचकून जाग्या झाल्या. समोर ठिपके हलत होते.

"अवंतिका! बासुंदीचा जतनदार कोण?"

"चिमणामावशी."

"आणि विरजणाचा?"

"मावशीच." अवंतिकाचं तोंड उघडंच राहिलं.

"म्हणजे विरजणाची फांदी गेलेलीच नाही. चिमणाबाईंची गेलीय. तूच नियम घातलास ना? ज्ञान कुणाच्या हाती नसेल तर घडी घालून आत ठेव. नकाशानं तेच केलं. पासवर्ड कुणी वापरलाच नाही. तो हिशोब सोडूनच दे."

"पण मावशी तर इथंच आहेत! सकाळपासून उभ्या आहेत."

"उभ्या आहेत," नंदिनीताई उठल्या. "पण कुठं उभ्या आहेत, ते बघितलंस का?"

५

चिमणाबाई त्याच उंबऱ्याबाहेर होत्या. दुपारभर त्या ना आत गेल्या होत्या, ना घरी. नंदिनीताईंनी अवंतिकाला चार पावलं मागं थांबवलं आणि स्वतः फरशीवर बसल्या. बसताना आधारासाठी म्हणून त्यांनी चिमणाबाईंच्या हाताकडं हात नेला.

"शिवू नगा मला!" चिमणाबाई चटकन दूर झाल्या.

नंदिनीताईंनी हात मागं घेतला. मग त्या हळूच म्हणाल्या, "कुंकू नको, गोड नको, उंबऱ्याच्या आत पाऊल नको. कुणाचं सुतक हो, चिमणाबाई?"

चिमणाबाईंनी पदर तोंडात धरला.

"सकाळी फाटकात आलो आनी फोन वाजला," त्या कशाबशा बोलल्या. "पुतण्याचा. म्हनला, काकी, काका गेलं. बिद्रीकडं हुतं ते, दुसरं घर करून. मला सोडून गेलं तवा माझं केस काळं हुतं. त्यानंतर तोंड दावलं न्हाय का खुशाली इचारली न्हाय. पर सोडचिठ्ठी बी न्हाय. म्हंजी सुतक मलाच की."

"आणि सुतकाचा हात विरजणाला लागू द्यायचा नाही."

"न्हाय चालत. आमच्यात मयत झाली की विरजण त्या घरात ठेवत न्हाईत. भावकीबाहेरच्या दारात नेऊन देत्यात. माझं घर म्हंजी ही दह्याची खोली. म्हणून देऊन टाकलं. आनी दारातल्या त्या टॅबानं इचारलं, आज विरजण कुणाच्या हाती? अवंतीच्या आवाजात इचारलं हो! त्या आवाजाशी खोटं कसं बोलू? म्हनलो, आज कुणाच्याबी हाती न्हाय."

अवंतिका मागं उभी राहून रडत होती. सौमित्रनं पुसल्याच्या खुणा शोधल्या होत्या. त्या पोरीनं नियम शोधले होते. पण आज सकाळी मावशी काय बोलल्या, हे कुणीच ऐकून बघितलं नव्हतं. त्या एका उत्तरावरून नकाशानं मावशी आज कामावर नाहीत असं धरलं होतं आणि त्यांच्या हातातलं सगळंच घडी घालून आत ठेवलं होतं.

"मग माणसांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? सांगितलं की बाया गळ्यात पडून रडायला येणार. ज्यानं एवढी वर्सं वळून बघितलं न्हाय, त्याच्यासाठी चारचौघांत रडायचं कसं? आनी न्हाय रडलो तर म्हणतील, काळीज दगडाचं हाय. रजा मागितली तर साहेब लगेच पाकिटं आणणार. वाटलं, आजचा दिस जाऊ दे. पर पोरीवर आळ आला बघा. चारदा तोंड उघडलं, शब्दच फुटंना. घरी जायला पाय बी उचलंना."

नंदिनीताई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "बरणी आवाराबाहेर गेलेली नाही. फाटकावर पिशव्या तपासतात. विरजणाला रोज ताजं दूध लागतं. आणि आज सकाळी एका माणसानं पेलाभर दूध मागवलं, ज्याला दूध मानवत नाही. सगळ्या चाव्याही त्याच्याच भिंतीला असतात."

चिमणाबाईंना त्या रडण्यातही हसू आलं. "अप्पांना सांगितलंवतं, कँटीनातनं गुपचूप आणा म्हणून. त्यांना गुपचूप काय जमतंय!"

६

बरणी केबिनच्या पडद्यामागं होती, ओल्या पोत्यात गुंडाळलेली. "शपथ घातलीवती मला चिमणीनं," अप्पा मफलरात तोंड लपवत म्हणाले. "भावासारका हाय म्हनली, म्हणून चावी लावून बरणी मीच उचलली. मग काय करू?"

धैर्यशीलांना नंदिनीताईंनी मोजकंच सांगितलं. चोरी झाली नाही. चिमणाबाईंच्या घरी मयत झालीय. पद्धतीप्रमाणं त्यांनी बरणी दुसऱ्याच्या हाती ठेवली होती. कोण गेलं, ते सांगितलं नाही.

धैर्यशील टेबलामागून उठले. मग अवंतिकापुढं जाऊन उभे राहिले. आवाज मोठाच होता, पण सूर उतरला होता. "चुकलं की गं बाई माझं. सगळ्यांसमोर बोललो, तर सगळ्यांसमोरच म्हंतो." मग नंदिनीताईंकडं वळून म्हणाले, "पण बघा ताई, मी म्हनत हुतो तेच झालं न्हवं? एक बाई थांबली आनी सगळं थांबलं. तुमचा नकाशा नापासच की!"

"नकाशा पास आहे," नंदिनीताई म्हणाल्या. "कुठल्याही संस्थेत गेले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. उद्या अमुक माणूस आलं नाही, तर तुमचं काय काय अडेल? तुमच्या नकाशानं मी विचारायच्या आधीच उत्तर दिलं, आणि चोख दिलं. विरजण अडेल, बासुंदी अडेल. तुम्ही सगळे त्या उत्तरालाच चोरी म्हणत बसलात. नापास आहे तो संघ. अहो, कुठल्या घरात विरजण एकाच भांड्यात ठेवतात? आपण शेजारणीला देतो. आपलं नासलं की तिच्याकडनं परत आणतो. ही साधी गोष्ट तुमच्या आईला ठाऊक होती, आणि संघाला नाही?"

धैर्यशीलांनी मान खाली घातली. पाकिटांचं नाव त्यांनी त्या दिवशी परत काढलं नाही.

सांजचं दूध आलं. ऊन फाटकावरून उतरलं होतं आणि तळ्याकडून पुन्हा धुक्याची पांढरी रेघ निघाली होती. तिन्हीसांजेला विरजण हलवत नाहीत, म्हणून सगळ्यांची धावपळ उडाली. अप्पांनी बरणी आणून दही-खोलीत ठेवली. आत अवंतिका होती. उंबऱ्याबाहेर चिमणाबाई.

"बोट बुडवून बघ दुधात. सोसतंय?"

"सोसतंय, मावशी."

"कोमट की गरम?"

"कडेला गरम. मधे कोमट."

"मग थांब जरा. घाई करू नगंस. बाळाला आंघुळ घालताना बघतो न्हवं आपण, तसं सगळीकडं सारकं लागलं पायजे." थोड्या वेळानं म्हणाल्या, "हं. आता घाल. वरनं वतू नगं, कडंनं सोड."

अवंतिकानं विरजण सोडलं. बाकीच्या बायकाही जवळ आल्या होत्या आणि बघून घेत होत्या. उद्या सकाळी प्रत्येकीनं वाटीभर घरी न्यायचं, असं ठरलं. आत्ता नाही, दिवेलागण झाली होती.

नंदिनीताई चिमणाबाईंच्या शेजारी उभ्या होत्या. चिमणाबाईंनी कपाळाकडं बोट नेलं आणि हळूच विचारलं, "ताई, हे पुसायचं का वो मी? बापाच्या घरी असल्यापास्नं लावतोय. त्यानं थोडंच लावलंवतं?"

"तुमचं कपाळ आहे, चिमणाबाई. तुम्हाला वाटेल ते करा."

चिमणाबाईंनी बोट खाली घेतलं. कुंकू तसंच राहिलं.

आत अवंतिकानं ओले हात पुसले आणि दाराजवळचा टॅब उंबऱ्याच्या दिशेनं फिरवला. तिचाच आवाज त्यातून आला, सकाळसारखाच हसरा. आज विरजण कुणाच्या हाती?

चिमणाबाईंनी एकदा अवंतिकाकडं बघितलं. "अवंतीच्या हाती," त्या म्हणाल्या. "मी हितंच हाय, भाएर. दहा दिस झालं की येतो आत."

पलीकडच्या खोलीतून सौमित्र ओरडला. पडद्यावर फांदी परत आली होती. विरजण, बरणी, ऊब, ताजं दूध, सगळं आलं. बासुंदी मात्र आली नाही. ती अवंतिकाला येत नव्हती.

"ती उद्या शिकीवतो," चिमणाबाई म्हणाल्या, आणि तिथंच भिंतीशी बसून त्या सकाळपासूनचं रडू रडल्या. कुणासाठी रडता, हे त्यांना कुणी विचारलं नाही. सुतकाची पर्वा न करता अवंतिका उंबरा ओलांडून आली आणि त्यांना धरून बसली.